ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा

मागच्या आठवड्यात दुकानात एक ताई आल्या. कडेवर सात महिन्यांची लेक, सोबत सासूबाई. कसल्याशा फॉर्मला बाळाचा पासपोर्ट साइज फोटो पाहिजे होता. बाळाला अजून एकटं बसता येत नव्हतं. मग आम्ही स्टुडिओवाले नेहमी करतो तेच केलं. खुर्चीवर पांढरी चादर टाकली, ताईंना चादरीच्या मागं बसवलं, चादरीखालून दोन्ही हात बाळाच्या कमरेला धरायला लावले आणि म्हणालो, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा. डोकं खाली घ्या. तुम्ही फ्रेममध्ये येताय."

बाळ हसलं, फोटो झाला. कडेला दोन बोटं दिसत होती, ती कॉम्प्युटरवर पुसून टाकली. आठ कॉप्या दिल्या.

निघताना त्या ताईंनी स्क्रीनकडं बघत हळूच विचारलं, "दादा, माझा आन् तिचा एक निघंल का?"

सासूबाई म्हणाल्या, "कशाला? फॉर्मला तुझा लागत नाही."

ताई गप्प झाल्या. मीही गप्प बसलो. गिऱ्हाइकाच्या घरच्या बोलण्यात कशाला पडा. पण रात्री शटर ओढताना तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. 'फॉर्मला तुझा लागत नाही.' आणि त्याच्याआधीचं माझं वाक्य, 'तुम्ही जरा बाजूला व्हा.' घनसावंगीत २००३ सालापासून माझं फोटोचं दुकान आहे. रीळ जालन्याला धुवायला पाठवायचो तेव्हापासून ते आजच्या मोबाईलच्या जमान्यापर्यंत हे वाक्य मी किती आयांना म्हणालो असेन, त्याची गणती नाही.

आज त्या वाक्याबद्दल लिहायचंय. पोस्ट लांब होणार आहे. निवांत वाचा.

*

पहिल्यांदा एक गंमत सांगतो. गंमत कसली, गंभीरच गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेत, अमेरिकेत फोटो काढायला बराच वेळ लागायचा. बाळ हललं की फोटो पुसट. मग आईनं बाळाला मांडीवर धरायचं आणि आईच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत कापड टाकायचं. फोटोत बाळ स्पष्ट दिसतं आणि त्याच्यामागं पडदा घातलेल्या खुर्चीसारखी आई. असे शेकडो जुने फोटो जगात शिल्लक आहेत. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर आपल्या दुकानातली पांढरी चादर आठवली आणि हसू विरलं. कॅमेरा बदलला, रीळ गेलं, पण आई चादरीखालीच राहिली.

आता आपल्या मराठी मातीतली गोष्ट घ्या. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्यात रोहिदासाचं काम केलं फाळक्यांच्याच मुलानं, भालचंद्रनं. त्याची आई तारामती कोण झाली? अण्णा साळुंके नावाचे पुरुष. कारण त्या काळात पडद्यावर यायला बाई मिळत नव्हती. म्हणजे आपल्या सिनेमातली पहिली आईसुद्धा बाई नव्हती!

आणि पोराची खरी आई कुठं होती? सरस्वतीबाई फाळके. त्या अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक करत होत्या. रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडत होत्या, फिल्म धुवायची रसायनं कालवत होत्या. उन्हात उजेड परतवायला पांढरी चादर धरून तासनतास उभ्या राहायच्या, असं सांगतात. धंद्यासाठी त्यांचे दागिनेही गेले. २००९ साली परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आला तेव्हा बऱ्याच जणांना कळलं की ह्या सगळ्यात एक बाईही होती. तोवर जवळजवळ शंभर वर्षं झाली होती.

तीच पांढरी चादर बघा. तेव्हा आईनं ती बाहेरून धरली होती, आज आम्ही तिला आत झाकतो. चौकटीत मात्र ती नाहीच.

*

दुसऱ्याचं सांगून झालं, आता माझं घर.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद, दुकान बंद. हप्ते चालू. घरी बसून करायचं काय, म्हणून जुने अल्बम काढले. माझं जावळ, बहिणीचं लग्न, भावाचं लग्न, वडिलांनी बैलजोडी घेतली तेव्हाचा फोटो, पहिल्या मोटारसायकलचा फोटो. मोटारसायकलचे चार आहेत. मी मायचे शोधायला लागलो.

बहिणीच्या लग्नात ती दोन ठिकाणी आहे. एकात वरमाईला साडी देताना पाठमोरी. दुसऱ्यात जेवणाच्या पंगतीमागं, हातात बुंदीची बादली, अर्धा चेहरा कापलेला. तो फोटो मीच काढलेला. माझ्या जावळात तिचा हात आहे, नुसता हात, माझ्या काखेखाली. रामनवमीला जांब समर्थला गेलो होतो, तिथल्या ग्रुप फोटोत ती डोक्यावर पदर इतका पुढं ओढून उभी की ओळखायचं ते पायातल्या जोडव्यांवरनं. तिच्या एकटीचे फोटो म्हणाल तर रेशनकार्डावरचा, मतदानाच्या कार्डावरचा आणि आधारवरचा. तिन्ही ठिकाणी ती घाबरलेली दिसते. काढणाऱ्यानं 'मावशी, इकडं बघा' म्हणून खेकसलं असणार.

स्वतःचा धंदा फोटोचा. हजारभर लग्नं केली. नवरीच्या मेंदीचे क्लोजअप, करिझ्मा अल्बम, आता ड्रोन. आणि जिनं कापूस वेचून, निंदणं-खुरपणं करून मला पहिला कॅमेरा घ्यायला पैसे दिले, तिचा हसतानाचा एक फोटो माझ्याकडं नाही. 'दिव्याखाली अंधार' म्हणतात, तसं.

त्या दिवसापासून मी मायचे फोटो काढायला लागलो. लग्नातले काढतो तसे उभं करून नाही काढले. ती करत असायची ते करत राहायची, मी बाजूला बसून काढायचो. पापड लाटताना. तूर पाखडताना. बागेतल्या मोसंब्या निवडताना, डागी एकीकडं, चांगल्या एकीकडं. दुपारी ओसरीत उशाला हात घेऊन झोपलेली. सुरुवातीला ती वैतागायची. "आरं, काय काढायलास माह्या थोबाडाचं? काम ना धंदा!" महिनाभरानं तिनं बोलणं सोडलं. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, "आज शेवया करायच्यात. येतो का?"

२०२२ ला मला मुलगी झाली. मग फोटोत तीन पिढ्या आल्या. माय पाटावर पाय लांब करून बसलेली, तिच्या पायांवर पालथी पडलेली नात, तांब्यातल्या पाण्याची धार, आणि दारात उभी राहून बघणारी माझी बायको. बायको खूप थकलेली असायची. बाळंतपणात बाई किती थकते हे मला पहिल्या बाळंतपणात दिसलंच नव्हतं, कारण तेव्हा मी सीझनच्या लग्नांत होतो. कॅमेऱ्यातून बघायला लागलो तेव्हा दिसलं. रात्री तीनला भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोप लागलेली, बाळ अंगावर, बाजेखाली शेगडी, बाजूला उष्टा पेला. लोक ज्याला मातृत्व म्हणतात आणि ज्याच्यावर भाषणं देतात, ते जवळून असं दिसतं. त्यात कुणी देवी नसते, जागरणानं डोळे सुजलेली एक पोरगी असते.

*

आता खरं भांडण.

मायचा एक फोटो मी फेसबुकवर टाकला. सकाळी ओसरीत बसून ती केसांना तेल लावत होती. डोक्यावर पदर नाही, पांढरे केस मोकळे, तोंडात दोरा धरलेला. माझ्या मते मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो. दोन तासांत भावकीतून फोन. "बाईमाणसाचा असा फोटो टाकायचा असतो का? घराण्याची काही लाज हाय का नाही?" मी पण तापलो. म्हणालो, लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या बायांचे व्हिडिओ तुम्ही स्टेटसला ठेवता तेव्हा घराणं कुठं जातं? माझी माय स्वतःच्या ओसरीत तेल लावतेय, त्यात लाज कसली?

मला वाटलं मी लई मोठी गोष्ट बोललो. संध्याकाळी बायकोनं जेवायला वाढता वाढता विचारलं, "त्यांना उत्तर दिलं ते बरं केलं. पण आईला इचारलं होतं का टाकायच्या आधी? आन् माझा रात्रीचा झोपलेला फोटो तुमच्या त्या मशिनीत हाय, तो कुणाकुणाला दाखवला? मला इचारलं का तुम्ही?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो फोटो मी जालन्याच्या दोन फोटोग्राफर मित्रांना कौतुकानं पाठवला होता.

मायला विचारलं. ती म्हणाली, "तेल लावतानाचा राहू दे. पण लोकायला दाखवायचा तर पदर घेतलेला दाखव. घरात लावायचा तर हाच लाव." म्हणजे तिचं मत होतं, आणि ते भावकीच्या मताहून वेगळं होतं, माझ्याहूनही वेगळं होतं. आम्ही बापे तिच्या फोटोवरनं भांडत होतो आणि ती बाजूला बसली होती. परत एकदा, 'ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा.'

फोटो काढून टाकला. बायकोचाही मित्रांना पुसायला सांगितला. त्याची छापील कॉपी आज आमच्या घरात कपाटाच्या आतल्या दारावर आहे, तिनं स्वतः लावलेली.

*

ही चूक माझ्यासारख्या तालुक्याच्या फोटोग्राफरचीच आहे असं नाही. जगातला आईचा बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध फोटो घ्या. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो नावाच्या ठिकाणी वाटाणा तोडणाऱ्या मजुरांची छावणी. डोरोथिया लँग ही सरकारी कामावरची फोटोग्राफर तिथं गेली. ३२ वर्षांची एक आई, खांद्यावर दोन पोरं तोंड लपवून, मांडीवर तान्हं, हात गालाला, नजर लांब कुठंतरी. लँगनं काही मिनिटांत मोजके फोटो काढले आणि ती निघाली. नाव विचारलं नाही. फोटो पेपरात आला, सरकारनं त्या छावणीला धान्य पाठवलं. पण ते पोचेपर्यंत ही बाई पोरांना घेऊन पुढच्या कामाला निघून गेली होती.

'मायग्रंट मदर' म्हणून तो फोटो जगभर गेला, पुस्तकांत गेला. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे लोकांना १९७८ मध्ये कळलं, म्हणजे ४२ वर्षांनी. तेव्हा ती म्हातारी झाली होती, आणि तिनं बोलून दाखवलं की हा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, त्यातून आपल्याला एक पैसा मिळाला नाही. फोटोमुळं मजुरांचे हाल देशाला दिसले, हे खरं. पण ज्या बाईच्या तोंडावर ते हाल लिहिले होते, तिच्या हातात काहीच आलं नाही, हेही तितकंच खरं.

आता आपल्याकडं या. दसरा-दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातल्या तांड्या-वस्त्यांवरनं कोयते निघतात. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर मुंबई-दिल्लीचे, परदेशातलेही फोटोग्राफर आले. त्यांनी काढलं ते चांगलं केलं, त्याशिवाय जगाला कळलं नसतं. पण विचार करा, त्या बाईच्या आयुष्यातला सगळ्यात चांगल्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो कोणता? पाठमोरी, चेहरा झाकलेला, पोटावरची टाक्याची खूण दाखवणारा. तिचा पोरीसोबत हसतानाचा फोटो कुठाय? तो काढायला पॅरिसहून कुणी येणार नाही, आणि तो काढायचं काम त्यांचं नाहीच. ते काम आपलं आहे.

*

सरकारबद्दल पण बोलतो, कारण फोटो आता नुसती हौस राहिलेली नाही, तो कागदपत्र झालाय.

जुलै २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे फॉर्म सुरू झाले तेव्हा आपल्या गावात काय गर्दी होती, तुम्ही बघितलंय. अर्जात बाईचा त्याच वेळी काढलेला फोटो लागायचा. आयुष्यात पहिल्यांदा एकटीचा फोटो निघालेल्या म्हाताऱ्या मी त्या महिन्यात बघितल्या. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरमध्ये १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहरा जुळवणं सक्तीचं झालंय. म्हणजे गरोदर बाई, स्तनदा माता, हिचा चेहरा आता मशीन ओळखतं. खोटी नावं गळावीत म्हणून हे केलं, त्याला माझा विरोध नाही. पण मशीनला तिचा चेहरा पाठ झाला आणि घरच्या भिंतीला नाही, हे काही बरं लक्षण नाही.

आणि तो वाटपाचा कार्यक्रम! गरोदर मातांना किट द्यायचं, त्याआधी रांगेत उभं करायचं, एका किटला आठ जणांचे हात, मध्ये बाई, तोंडावर ऊन. अशा एका कार्यक्रमाची ऑर्डर मी घेतली होती. फोटोत ज्यांचे चेहरे स्पष्ट यायला पाहिजेत त्यांची नावं मला आधीच सांगितली होती. बाईचं नाव त्यात नव्हतं. नाव घेऊन कुणावर बोट दाखवत नाही, कारण पैसे घेऊन फोटो काढणारा मीच होतो. पण दोन किलोच्या किटाच्या बदल्यात आठव्या महिन्यातल्या बाईला अर्धा तास उन्हात उभं करून तिचा फोटो फ्लेक्सवर लावायचा, हा कुठला हिशोब?

त्याच सरकारनं एक काम मात्र चांगलं केलं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव आलं. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. लोकांनी चेष्टा केली, 'नाव रेल्वेगाडीएवढं लांब झालं' म्हणाले. होऊ द्या लांब. नऊ महिने पोटात वागवलं तिला कागदावर एका शब्दाची जागा मिळाली. कागदावर जागा झाली, आता घरातल्या भिंतीवर करू.

*

काहीजण म्हणतील, फोटोचं काय एवढं कौतुक, आईवर प्रेम असलं म्हणजे झालं. आणि आजकाल बायांचे फोटो उचलून घाण करणारे कमी नाहीत, मग बायाच नको म्हणतात. दुसरा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. मला दोन मुली आहेत, मला ती भीती कळते. पण त्याचं उत्तर फोटो न काढणं हे नाही. उत्तर आहे फोटो काढून छापून घरात ठेवणं. प्रत्येक फोटो जगाला दाखवायचा नसतो. आणि पहिल्या मुद्द्याचं उत्तर मला दुकानात मिळतं. दर महिन्याला दोन-तीन जण येतात, डोळे सुजलेले, हातात आधारकार्ड. "भाऊ, ह्याच्यावरनं मोठा करून द्या, दशक्रियेला लागतो." त्या तिकिटाएवढ्या फोटोवरनं मी साडीचा रंग अंदाजानं भरतो. कपाळावर कुंकू ठेवायचं का नाही हे विचारून घेतो. ते पोरगं फोटो बघून म्हणतं, "हीच हाय, पण माय अशी दिसत नव्हती." काय उत्तर द्यावं त्याला?

हे काम दुसरीकडं लोकांनी मनापासून केलंय. मदुराईचा एम. पलनी कुमार, पी. साईनाथांच्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळाचा फोटोग्राफर. त्याच्या आईनं मासे विकून घर चालवलं. त्यानं त्या आईचे, तिच्या कामाचे फोटो काढले. २०२२ मध्ये त्याला दयानिता सिंग-पारी पुरस्कार मिळाला, पहिलाच. तिकडं अमेरिकेत ब्रॅडॉक नावाचं पोलादाचं गाव आहे, आपल्या जालन्यासारखं, भट्ट्यांचं. तिथली लाटोया रूबी फ्रेझियर. तिनं आपली आजी, आई आणि स्वतः, अशा तिघींचे फोटो वर्षानुवर्षं काढले आणि २०१४ मध्ये त्याचं 'द नोशन ऑफ फॅमिली' हे पुस्तक केलं. गावातलं हॉस्पिटल बंद पडलं तेही त्यात आहे. पण मला तिची एक गोष्ट सगळ्यात जास्त पटली. तिनं कॅमेरा आईच्याही हातात दिला. आईनं लेकीचे काढले, लेकीनं आईचे. कुणी कुणाला बाजूला हो म्हणालं नाही.

*

तर आता माझं म्हणणं. पटलं तर घ्या.

एक. घरी जा आणि आईचा, आजीचा, बायकोचा एक फोटो काढा. सणाच्या साडीतला नको, रोजच्या कामातला. आधी विचारा. नको म्हणाली तर नको. काढल्यावर तिला दाखवा, आणि कुणाला दाखवायचा ते तिलाच ठरवू द्या.

दोन. छापून घ्या. मोबाईल पडला, पाण्यात गेला की सगळं गेलं. माझ्याच दुकानात या असं नाही, कुठंही छापा. मागं पेनानं तारीख, गाव आणि तिचं नाव लिहा. 'आई' नाही, तिचं नाव.

तीन. मोबाईल तिच्या हातात द्या. तिला काय दिसतं ते बघा.

चार. तालुक्यातल्या माझ्या फोटोग्राफर भावांनो, बाळाच्या फोटोला आलेल्या प्रत्येक आईचा बाळासोबत एक जास्तीचा फोटो काढत जा. कागदाचा खर्च किती, चहाएवढा. मी सोमवारपासून सुरू केलंय, फुकट.

पाच. वाटपाच्या कार्यक्रमात मातांचे फोटो सक्तीनं काढणं बंद करा, ही ग्रामपंचायतींना आणि सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती. पुरावा पाहिजे तर रजिस्टरवर सही आहे, मशीनमध्ये चेहरा आहे. अशी ऑर्डर मी यापुढं घेणार नाही, हे इथं जाहीर लिहितो. उद्या घेतली तर हीच पोस्ट माझ्या तोंडावर मारा.

सहा. ३ जानेवारी सावित्रीमाईंची जयंती, १२ जानेवारी जिजाऊंची. आपण सिंदखेडराजाला जातो, मिरवणुका काढतो, फोटोला हार घालतो. घातलाच पाहिजे. पण ह्या दहा दिवसांत जिल्हा परिषदेच्या शाळेत एक दोरी बांधू आणि चिमट्यांनी पोरांनी काढलेले त्यांच्या आयांचे फोटो लावू. ज्या आया परवानगी देतील त्यांचेच. छपाईचा खर्च दहा शाळांपर्यंत मी उचलतो. मास्तर-बाईंनी कळवावं.

*

परवा मायच्या हातात मोबाईल दिला. म्हणालो, काढ माझा. तिनं दोन्ही हातांनी देव धरावा तसा धरला. "कुठं दाबू? हितं का?" दहा-बारा वेळा दाबलं. बहुतेक सगळे हललेले. एकात माझं अर्धं डोकं कापलंय, खालच्या कोपऱ्यात तिचं बोट आलंय, जाड, काळं, नखात हळद.

आतला पोऱ्या सवयीनं म्हणाला, "दादा, बोट क्रॉप करू का?"

नको म्हणालो. तो फोटो आहे तसा आठ बाय दहा छापून काउंटरच्या मागं लावलाय. दुकानात आलात तर बघा.

आणि त्या सात महिन्यांच्या बाळाच्या ताई, तुमच्यापर्यंत ही पोस्ट कुणी पोचवली तर, माझी चूक झाली. मी त्या दिवशी गप्प बसायला नको होतं. बाळाला घेऊन या, सासूबाईंनाही आणा. तिघींचा एक काढू. चादर काढून ठेवलीय.

बाकीच्यांनी शेअर करायची घाई करू नका. आधी घरी जाऊन विचारा, "तुझा एक फोटो काढू का?" ती काय म्हणाली तेवढं खाली लिहा. फोटो टाकू नका, तिचं बोलणं लिहा.